त्यात तथ्य आहे, पण ती 'तथ्ये' आहेत का?

कोरा_कागद (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी मुद्रितशोधनाचं काम करते. गेल्या आठवड्यात लोणार सरोवरावरची एक पुस्तिका तपासायला आली. सोळा पानी, रंगीत, शाळेच्या सहलींना वाटायची. मधल्या पानावर जाड टायपात शीर्षक: 'लोणारविषयी दहा तथ्ये'. माझं लाल पेन तिथे जे अडलंय ते अजून अडलेलंच आहे.

खटकलं ते अनेकवचन. लहानपणापासून हा शब्द मी एकाच जागी ऐकत आलेय. 'त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे', 'तक्रारीत तथ्य आढळले नाही', 'या बातमीत काडीचंही तथ्य नाही'. म्हणजे तथ्य हे कायम कशात तरी असतं, आमटीत मीठ असतं तसं. 'त्यात राम नाही', 'त्यात दम नाही', 'त्यात अर्थ नाही' या वाक्यांमधला राम, दम, अर्थ काढून तिथे तथ्य ठेवा, चपखल बसतं. पण आपण राम मोजत नाही की दम मोजत नाही. 'दहा तथ्ये' वाचताना मला 'दहा दम' वाचल्यासारखं होतं.

लेखकाला कळवलं. उत्तर आलं, "तथ्य म्हणजे फॅक्ट. यात चूक काय?" चूक म्हणता येत नाही हे मलाही कळतंय, म्हणून हा धागा.

आता त्या दहांमध्ये काय आहे बघा. हे विवर उल्केच्या आघाताने झालं. त्याचं वय ५२,००० वर्षे. बेसाल्ट खडकातलं (म्हणजे लाव्ह्याच्या काळ्या दगडातलं) हे जगातलं एकमेव आघातविवर. विष्णूने लवणासुराला इथे मारलं म्हणून 'लोणार'. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. बाकी चार व्यास, खोली वगैरे. या सगळ्यांना एकच शब्द कसा पुरेल?

टोपणनावाचा_कंटाळा

रुमाल टाकून ठेवतो. माझं मत विचाराल तर सरळ 'फॅक्ट' लिहा आणि मोकळे व्हा. टेबल चालतं, बटण चालतं, फॅक्टनेच काय घोडं मारलंय? 'फॅक्ट आहे यार' हे तर आमच्या ऑफिसात दिवसाला वीसदा होतं.

कोरा_कागद

बोलताना मीही म्हणते हो. पण 'लोणारविषयी दहा फॅक्ट्स' छापलं तर मुख्याध्यापक पुस्तिका परत पाठवतील. :)

माळवी_पोहे

इंदूरहून. आमची इथली चौथी पिढी, घरात मराठी, शाळा हिंदी. खरं सांगू, मला 'दहा तथ्ये' अजिबात खटकलं नाही. तुम्ही उलगडून सांगितल्यावर कळलं की ते कान माझे हिंदीचे आहेत. हिंदीत तथ्य बिनदिक्कत मोजतात, 'तीन तथ्य सामने आए'. आई मात्र हा शब्द काढतच नाही, ती 'खरी गोष्ट' म्हणते.

उलटा घोटाळाही ऐका. लहान असताना पुण्याच्या मावशीचं पत्र आलं होतं, 'लग्नाची सगळी हकीकत सविस्तर कळव.' हिंदीत हकीकत म्हणजे वास्तव, पडद्यामागचं खरं. मला वाटलं, लग्नात काही लपवाछपवी झाली की काय, आणि मावशीला ते आधीच कळलं की काय! मराठीत हकीकत म्हणजे नुसता वृत्तान्त, हे पुढे बऱ्याच वर्षांनी उमजलं.

अमरकोशी

माळवी_पोहे, हकीकत भारीच. पोलिसांच्या पत्रकातलं 'थोडक्यात हकीकत अशी की' आठवा. तिथे फिर्यादीने सांगितलं ते असतं, खरंखोटं पुढे कोर्टात ठरायचं. मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'सत्य', आणि मराठीत येईतो तो 'कोणी तरी सांगितलेलं' होऊन बसला.

तथ्याचं मूळ साधं आहे. 'तथा' म्हणजे तसं. जे तसंच आहे ते तथ्य. अमरकोश या जुन्या संस्कृत कोशात 'सत्यं तथ्यमृतं सम्यक्' असं चार शब्द एका ओळीत, समानार्थी म्हणून दिले आहेत. उलट अर्थाचा 'वितथ', म्हणजे जे तसं नाही ते. तेव्हा संस्कृतात हा खणखणीत 'सत्य' याच अर्थाचा शब्द होता. धागाकर्ती म्हणतात तो 'त्यात काही सार आहे' हा अर्थ मराठीने लावला, आणि मला तो आवडतो. सत्य आहे की नाही एवढंच सांगता येतं, तथ्य मात्र थोडंही असतं, बरंचही असतं. म्हणून तर 'तथ्यांश' हा शब्द आपण सहज वापरतो. 'सत्यांश' त्या मानाने किती कमी ऐकू येतो.

अवांतर: याच 'तथा'चं आपण आणखी काय करून ठेवलंय पाहा. 'यथातथा'. जसं आहे तसं! आणि मराठीत? 'पगार यथातथाच आहे.' म्हणजे जसं आहे तसं सांगितलं की ते सुमारच निघणार, अशी आपली एकंदर समजूत दिसते.

टोपणनावाचा_कंटाळा

'यथातथा'ला दंडवत. मग सरळ 'सत्य' का नको? 'लोणारविषयी दहा सत्ये'?

अमरकोशी

'सत्ये' म्हटलं की प्रवचन सुरू होतं हो. चार आर्यसत्ये आठवतात. 'रामसर यादीत समावेश' हे असं आर्यसत्य नव्हे. मात्र 'सत्य'ला कामाला लावता येतं हेही खरं. जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांचा भर शोधण्यावर होता, सत्य हाती आलंय असा दावा त्या नावात नाही. आजही चौकशीला जाणाऱ्या समितीला आपण 'सत्यशोधन समिती' म्हणतो. 'तथ्यशोधन' म्हटलं की मला तरी हिंदी बातमीपत्र ऐकल्यासारखं वाटतं.

शिरस्तेदार

चर्चा वाचतोय. आयुष्य जिल्हा न्यायालयात गेलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

कोरा_कागदताई, 'तथ्य' मोजायचं की नाही हा वाद आमच्याकडे कधीच मिटलेला आहे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या मराठी पाठात तथ्य हा मोजायचाच शब्द आहे. पण त्याची व्याख्या वाचलीत तर तुमच्या लेखकाची झोप उडेल. इंद्रियांनी जाणता येईल अशी कोणतीही वस्तू, वस्तूंची स्थिती किंवा त्यांचा परस्परसंबंध, आणि माणसाला स्वतःला जाणवणारी मनाची कोणतीही अवस्था, म्हणजे तथ्य. पुढे उदाहरणं आहेत. अमुक वस्तू अमुक ठिकाणी अमुक क्रमाने मांडलेल्या आहेत, हे तथ्य. एखाद्याने काही ऐकलं किंवा पाहिलं, हे तथ्य. तो काही शब्द बोलला, हे तथ्य. त्याचं अमुक मत आहे, हेसुद्धा तथ्य!

यात 'खरं ठरलेलं' हा भाग कुठेच नाही. खरं ठरवायला आमच्याकडे निराळा शब्द आहे, 'शाबीत'. आणि त्याचे तीन प्रकार. शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेलं. दुसरा आणि तिसरा एकच असं वकिलीच्या पहिल्या वर्षाला सगळ्यांना वाटतं. एक नव्हेत. नाशाबीत म्हणजे ते तसं नाही असं कोर्टाला पटलं. शाबीत न झालेलं म्हणजे इकडेही नाही, तिकडेही नाही.

निकालपत्राच्या सुरुवातीला मुद्द्यांचा तक्ता असतो. डावीकडे 'वादी हे शाबीत करतात काय की…', उजवीकडे 'होकारार्थी' किंवा 'नकारार्थी'. हजारो तक्ते उतरवलेत. पक्षकाराला मात्र वाटायचं, नकारार्थी म्हणजे साहेबांनी मला खोटं ठरवलं. एका म्हाताऱ्या वादीला मी जिन्यात थांबवून समजावलं होतं, "बाबा, तुमची विहीर नव्हती असं नाही म्हटलेलं. विहीर होती हे तुम्हाला दाखवता आलं नाही, एवढंच." म्हातारा म्हणाला, "मग ती गेली कुठं?" याला आमच्या कायद्यात उत्तर नव्हतं.

आता १ जुलै २०२४ पासून जुना अधिनियम गेला, भारतीय साक्ष्य अधिनियम आला. 'पुरावा' जाऊन शीर्षकात 'साक्ष्य' आलं. आमच्या पिढीला साक्ष म्हणजे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून देतो ती. कागद कसा साक्ष देणार, असं अजूनही तोंडात येतं.

अमरकोशी

शिरस्तेदार, दंडवत. 'शाबीत'वरून आठवलं, 'शाबूत' त्याचाच सख्खा भाऊ. एकाच अरबी मुळाचे दोघे, मूळ अर्थ पक्कं, न हललेलं. 'गुन्हा शाबीत झाला' आणि 'डोकं शाबूत आहे ना?' यांत तेच पक्केपण आहे.

मराठी_शाळा_टोरांटो

शिरस्तेदारांच्या 'मत हेसुद्धा तथ्य' या वाक्याने माझी रविवारची शाळा डोळ्यासमोर आली. इथल्या शाळांत मुलांना फॅक्ट आणि ओपिनियन वेगळं करायला लहानपणीच शिकवतात. आम्ही तोच खेळ मराठीत घ्यायला गेलो. एका डब्यावर 'मत' लिहिलं. दुसऱ्यावर काय लिहायचं? दोघी शिक्षिका दहा मिनिटं पेन धरून उभ्या. शेवटी 'खरी गोष्ट' लिहिलं, आणि पहिल्याच मुलीने विचारलं, "पण 'गोष्ट' म्हणजे स्टोरी ना?"

डबा अजून तसाच आहे.

माळवी_पोहे

आईला वाचून दाखवलं. ती हसून हसून बेजार.

दगडधोंडे

भूविज्ञानाचा माणूस आहे. शब्दांत मला गती नाही, पण त्या दहांपैकी दोन मुद्द्यांवर बोलल्याशिवाय राहवत नाही.

'बेसाल्टमधलं जगातलं एकमेव' हे पहिलं खोडा. ते वाक्य सगळीकडे इतकं फिरलंय की खरं वाटायला लागतं. ब्राझीलच्या दक्षिण भागात वार्जियाव आणि विस्टा अलेग्रे ही दोन आघातविवरं बेसाल्टमध्येच आहेत. लोणारचं मोठेपण त्याने कमी होत नाही. एवढं नीट राहिलेलं, कडा-तळ स्पष्ट दिसणारं विवर त्या खडकात दुसरं सहजी दाखवता येणार नाही, आणि मंगळ-चंद्रावरच्या बेसाल्टमधल्या विवरांशी ताडून बघायला संशोधक इथे येतात ते त्यामुळेच.

दुसरं वय. ५२,००० हा आकडा तिथल्या आघाताने वितळून झालेल्या काचेच्या तप्तदीप्तीवरून, म्हणजे तापवल्यावर ती जो उजेड सोडते त्यावरून, काढलेला आहे. पुढे वितळखडकावर आरगॉन पद्धत (खडकात साठलेल्या आरगॉन वायूवरून वय काढायची) वापरली तर आकडा आला सुमारे ५,७०,०००. दहापटीहून जास्त! दोन्ही प्रयोगशाळांतले लोक शहाणे, दोन्ही पद्धती मान्यताप्राप्त. पुस्तिकेत त्यातला एकच छापून वर 'तथ्य' लिहिणं मला पटत नाही.

आणि ते आघाताने झालं हेही काही पहिल्या दिवसापासून ठाऊक नव्हतं. दख्खनचा सगळा प्रदेश ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असं बराच काळ मानत होते. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाने अॅरिझोनाच्या विवराशी त्याचं साम्य दाखवलं. गंमत अशी की अॅरिझोनाचं विवर त्याच्या मते उल्केचं नव्हतंच. लोणार आघाताचंच हे पक्कं झालं ते १९७३ मध्ये. मॅस्केलिनाइट सापडलं. खडकातलं फेल्डस्पार प्रचंड दाबाच्या धक्क्याने न वितळता काचेसारखं होतं, ते हे. ज्वालामुखीला एवढा धक्का देता येत नाही.

शिरस्तेदार

म्हणजे आमच्या भाषेत: आघात, शाबीत. ज्वालामुखी, नाशाबीत. एकमेव, नाशाबीत. वय, शाबीत न झालेलं. चार मुद्दे, निकाल लागला. :)

अमरकोशी

आणि 'काळ्या दगडावरची रेघ' म्हणतो आपण, अगदी पक्क्या गोष्टीला. इथे काळ्याच दगडावर रेघ आहे आणि दोघांनी ती दोन तऱ्हांनी वाचली!

पक्ष_साध्य

मी गणित शिकवतो, आयडीवरून कळलंच असेल. भूमितीच्या वहीत आपण सगळ्यांनीच लिहिलंय. पक्ष : त्रिकोण अबक मध्ये… साध्य : … सिद्धता : … तीन शब्द, खाली आकृती, उजवीकडे कंसात कारण. मी वीस वर्षं हे फळ्यावर लिहिलं आणि हे न्यायदर्शनातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले, शब्द आहेत हे मला एका तत्त्वज्ञानाच्या मित्राने चहाच्या टपरीवर सांगितलं. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे. यात डोंगर हा पक्ष, आग हे साध्य, धूर हा हेतू. आपण पक्ष आणि साध्य उचलले आणि 'हेतू' वगळला. तो मराठीत 'इरादा' होऊन बसला होता ना.

मला बोलायचंय ते 'सिद्धांत' या शब्दावर. सिद्ध झालेला शेवट, तो सिद्धांत. आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं, मग त्याचं खंडन, आणि मग जे उरलं ते. ब्रह्मगुप्ताचा ब्रह्मस्फुटसिद्धांत ६२८ चा, भास्कराचार्यांचा सिद्धांतशिरोमणी ११५० चा. ज्योतिषगणिताच्या अशा ग्रंथाचं नावच सिद्धांत. तुकोबांनीही 'अठरा पुराणीं सिद्धांत' म्हटलं ते शेवटचा निर्वाळा याच अर्थाने. आता हाच शब्द आपण 'थिअरी'ला लावला. इंग्रजीत थिअरी म्हटलं की कुणीतरी 'ती नुसती थिअरीच ना' म्हणतं. मराठीत 'नुसता सिद्धांतच ना' म्हणायला जीभ वळायला नको खरं तर, कारण शब्दातच 'सिद्ध' आहे. पण वळते! पालकसभेत ऐकलंय. आणि उत्क्रांतीला तर आपण 'उत्क्रांतिवाद' म्हणून ठेवलं. वाद म्हटल्यावर पोराला वाटतं, अजून भांडण चालू आहे.

टोपणनावाचा_कंटाळा

सर, तुमच्या न्यायात लवणासुर कुठे बसतो?

पक्ष_साध्य

थट्टेत विचारलंत, पण जागा आहे. न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार सांगितलेत. त्यातला शेवटचा अभ्युपगमसिद्धांत, म्हणजे तपासून न पाहता 'घटकाभर असं मानू' म्हणून धरून चालायचं आणि पुढची चर्चा करायची. लवणासुर तिथेही बसेल असं नाही, पण निदान दारात उभा राहील.

मेहकर_मार्गे

लोनारच्या शेजारचा हाय मी. एवढा काथ्याकूट वाचला आन् र्‍हावलं नाही. काहून बाप्पा, लवणासुराले हाकलता! आमच्या आजीनं सांगितलेलं हाय. दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन पहा, मूर्तीच्या पायाखाली दैत्य हाय. आता तो खरोखर होता का, हे आजीनं कधी सांगितलं नाही आन् आमी इचारलं नाही. तिचं म्हननं एवढंच, 'असं सांगतात.'

(बाकीचं प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर शिरस्तेदारसाहेब नाशाबीत म्हणतील.) पाणी गुलाबी झालं तेव्हा मी तिथे होतो. टाळेबंदी होती, बाहेरचं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी गावात चार कारणं फिरली. कुणी म्हणे शेवाळ, कुणी म्हणे कुणी रंग टाकला, कुणी देवीचा कोप, कुणी म्हणे कलियुग. आम्ही कमळजादेवीच्या बाजूने खाली उतरून बाटलीत पाणी भरलं. बाटलीत ते इतकं गुलाबी दिसेना, फिकं, सरबतात पाणी जास्त झाल्यासारखं. वरून कड्यावरून बघितलं की गुलाबी. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नमुने तपासायला सांगितले, पुण्याच्या आघारकर संस्थेतही तपासणी झाली. निघाले मिठात वाढणारे सूक्ष्मजीव. पाऊस कमी, ऊन जास्त, पाणी आटून खारटपणा वाढला, की ते वाढतात आणि त्यांचा रंग पाण्याला येतो.

म्हणून सांगतो, 'पाणी गुलाबी झालं' ही आम्ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. 'का झालं' हे तपासून कळलेलं. आणि लवणासुर ऐकलेला. आमच्याकडे या तिन्हीला तीन क्रियापदं आहेत. पायलं, समजलं, आयकलं. नाम कशाला पाहिजे?

अमरकोशी

मेहकर_मार्गे, धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. 'नाम कशाला पाहिजे' हे माझ्या टाळक्यात का आलं नाही! तथ्य, सत्य, वास्तव, वस्तुस्थिती… नामं गोळा करत बसलोय आम्ही. मराठी माणूस एरवी 'झालं असं की', 'त्याचं काय आहे' म्हणून मोकळा होतो.

मराठी_शाळा_टोरांटो

डब्यावर 'पाहिलं / तपासलं' लिहू का? एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला 'वाटलं'. मुलांना क्रियापदं येतात. या रविवारी करून बघते.

टोपणनावाचा_कंटाळा

मी आलो होतो 'फॅक्ट म्हणा' सांगायला. आता ऑफिसात कुणी 'फॅक्ट आहे यार' म्हटलं की मी 'पायलं की आयकलं?' विचारणार.

दगडधोंडे

कोरा_कागद, मग वयाचं काय लिहिताय? तेवढं बघा.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. काल लेखकाशी फोनवर तासभर बोलले. सुरुवातीला ते चिडले होते. मी मेहकर_मार्गे यांचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा निवळले, त्यांचं आजोळ मलकापूरचं निघालं.

शीर्षकातलं 'तथ्ये' गेलं. 'वस्तुस्थिती' मला सुचली होती, पण ती त्यांना सरकारी वाटली, आणि त्यांच्या त्या म्हणण्यात तथ्य आहे. वयाच्या ओळीत आता दोन्ही आकडे आहेत, कोणता कशावरून काढला त्यासह. 'जगातलं एकमेव' उडालं. लवणासुर यादीतून निघून शेजारच्या चौकटीत गेला, वर 'असं सांगतात' एवढेच दोन शब्द. आजीचे आहेत हे मी लेखकांना सांगितलंय. गुलाबी पाण्याच्या मुद्द्यात 'झालं' आणि 'का झालं' अशी दोन वाक्यं केली.

आज सकाळी छापखान्यातून अंतिम प्रूफ आलं. शीर्षक आहे 'लोणारविषयी दहा गोष्टी'. एकदा वाचलं, दोनदा वाचलं, बरं वाटलं. सही करून पाठवलं. आणि आत्ता हा प्रतिसाद लिहिताना बोटावर मोजतेय, खाली आठच उरल्यात. पळते.